‘सांभाळून घे ना’ म्हणणाऱ्या मित्राचं कुंपण

पत्र असं आहे:

“ताई, नमस्कार. डॅलसच्या उत्तरेला एका सबडिव्हिजनमध्ये (वसाहतीत) आम्ही सहा वर्षं राहतोय. २४० घरं आहेत. मागच्या वर्षी मी एचओएच्या, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संघटनेच्या, बोर्डावर निवडून आलो. आम्ही पाच जण आहोत. पुढच्या रस्त्यावर माझा मित्र राहतो, मराठीच. गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणं-येणं आहे, मुली शनिवारच्या मराठी शाळेत एकत्र जातात. वसंतातल्या वादळात त्याच्या आणि शेजारच्या घरामधलं लाकडी कुंपण कललं, ते त्यानं दोरीनं बांधून ठेवलंय. रस्त्यावरून दिसतं. मॅनेजमेंट कंपनीची दोन साधी पत्रं गेली, मग सर्टिफाइड (नोंदणीकृत टपालानं) नोटीस गेली. त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. आता बाकीच्या चौघांना पुढच्या मीटिंगमध्ये दंड लावायचाय, आधी १०० डॉलर आणि मग काम होईपर्यंत दर आठवड्याला ५०. मित्र मला म्हणाला, ‘तू आहेस ना बोर्डावर, सांभाळून घे ना.’ मी ‘बघतो’ म्हटलं. वहिनी म्हणाल्या, गेल्या दिवाळीत दारावरच्या तोरणावरून पत्र आलं तेव्हापासून तो एचओएची पाकिटं उघडतच नाही. बायको म्हणते, राजीनामा देऊन मोकळे व्हा. मी दंडाच्या बाजूनं मत द्यावं का? की गप्प बसावं?”

नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘बघतो’ हा आहे. तुम्ही तो संकोचानं म्हणालात हे मला कळतंय. चारचौघांत मित्रानं गळ घातली की आपल्या तोंडून तोच शब्द निघतो. पण त्यानं तो ‘काम झालं’ असा ऐकलाय. म्हणून तो निवांत आहे. आणि तो निवांत असताना त्याची मुदत संपत चाललीय.

टेक्सासच्या कायद्याप्रमाणे सर्टिफाइड नोटीस पोस्टात टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत घरमालकानं लेखी मागणी केली, तर बोर्डाला त्याचं हिअरिंग, म्हणजे सुनावणी, घ्यावंच लागतं. हे ३० दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजत नाहीत, पाठवल्यापासून मोजतात. तुमच्या मित्रानं पाकीट उघडलेलं नाही, म्हणजे असा काही हक्क आपल्याला आहे हेच त्याला माहीत नाही. तुमच्या भरवशावर त्यानं हे दिवस घालवले तर पुढे तुम्ही कसंही मत दिलंत तरी त्याचं नुकसान व्हायचं ते होईलच. तेव्हा हे वाचून झालं की आधी नोटिशीवरची तारीख बघा आणि आजच त्याला फोन करा. मताचं पुढे बोलू.

फोनवर काय बोलायचं? “हे बघ, मी त्या दिवशी ‘बघतो’ म्हटलं ते चुकलं. कुंपणाचं प्रकरण मला दाबता येणार नाही आणि मी दाबणारही नाही. पण तुझ्याकडे अजून अमुक तारखेपर्यंत वेळ आहे. ते पाकीट उघड, आज संध्याकाळी मी येतो, आपण शेजारी बसून वाचू.” एवढंच. नोटिशीत जे लिहिलंय ते त्याचंच आहे, ते त्याला समजावून सांगण्यात काहीही गैर नाही. बंद दाराआड बोर्डात कोण काय म्हणालं, कोणाचा किती राग आहे, ते मात्र एका अक्षरानंही सांगू नका. मित्र विचारेल. “ते मला सांगता येत नाही” हे उत्तर त्याला आवडणार नाही, तरी तेच द्या.

हिअरिंग मागायला वकील लागत नाही. ‘माझ्या घराबद्दल अमुक तारखेच्या नोटिशीसंदर्भात मला बोर्डासमोर हिअरिंग हवं आहे’ हे एक वाक्य, पत्ता, तारीख, सही. मॅनेजमेंट कंपनीला पाठवायचं आणि पाठवल्याचा पुरावा ठेवायचा. मागणी पोचल्यापासून ३० दिवसांत हिअरिंग घ्यावं लागतं आणि तारीख, वेळ, जागा किमान १० दिवस आधी कळवावी लागते. बोर्ड जे फोटो, जी पत्रं पुढे ठेवणार असेल त्यांचा संचही घरमालकाला किमान १० दिवस आधी द्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर हिअरिंग १५ दिवस पुढे ढकलून घेण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो.

आता एक माझी गोष्ट सांगते, कारण ती आठवल्याशिवाय मला तुमच्या पत्राला उत्तर देता येत नाही.

ह्यूस्टनच्या बाहेर आम्ही राहायचो तेव्हा मीही बोर्डावर होते. एका घराचं लॉन गुडघ्याएवढं वाढलेलं. फाइलमध्ये रस्त्यावरून काढलेले चार फोटो आणि तीन पत्रांच्या प्रती होत्या. घरमालकाचं उत्तर नव्हतं, तो हिअरिंगलाही आला नाही. मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. पाच मिनिटांत विषय संपला आणि आम्ही स्विमिंग पुलाच्या कुलपाकडे वळलो. काही महिन्यांनी तो माणूस मला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटला. बायको हॉस्पिटलमध्ये होती, हा दिवसा कामावर आणि रात्री तिच्याजवळ. त्यानं गाडीचं दार उघडून मला दाखवलं. दोन सीटच्या मधल्या खोबणीत पोस्टाच्या त्या फिकट नारिंगी चिठ्ठ्या दुमडून खोचलेल्या होत्या. ‘तुमच्यासाठी सर्टिफाइड पत्र आहे, येऊन घेऊन जा’ असं सांगणाऱ्या. पोस्ट उघडं असायचं तेव्हा तो कामावर असायचा, आणि १५ दिवस झाले की पत्र परत जायचं. आमच्या फाइलमध्ये ‘उत्तर नाही’ एवढीच नोंद होती. त्याचं घर माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर होतं. मी एकदाही त्याच्या दाराची बेल वाजवली नव्हती.

तो दंड कायदेशीर होता. आम्ही एकही पायरी गाळली नव्हती. तरी त्या मताची मला आजही लाज वाटते.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे: कोणाही घरावर दंडाचा विषय मांडण्याआधी बोर्डातल्या एकानं त्या दारात जाऊन यायला हवं. मित्राचं घर असो वा ज्याचं नावही धड उच्चारता येत नाही अशा शेजाऱ्याचं. कायदा हे सांगत नाही. पण काम का होत नाही, याचं उत्तर फाइलमध्ये कधीच सापडत नाही. ते दारात उभं राहिल्यावर कळतं.

तुमच्या मित्राच्या बाबतीत दोन कारणं तर तुमच्या पत्रातच आहेत, आणि मला वाटतं दोन्ही तुमच्या नजरेतून निसटली आहेत.

पहिलं कारण तोरण. घराच्या दारावर किंवा आवारात मनापासूनच्या श्रद्धेनं लावलेल्या धार्मिक वस्तूला टेक्सासमध्ये एचओएला मनाई करता येत नाही. आधी हे संरक्षण दारापुरतं आणि लहानशा आकारापुरतं होतं, २०२१ मध्ये कायदा बदलून ते बरंच वाढवलं. सुरक्षिततेला धोका असेल, मजकूर उघड आक्षेपार्ह असेल, असे काही अपवाद आहेत. दिवाळीत दारावर लावलेलं तोरण त्यांत कुठून बसणार? तुमच्या मॅनेजमेंट कंपनीनं ते पत्र पाठवायलाच नको होतं. ऐन दिवाळीत, पाहुणे घरात असताना, दारावरचं तोरण उतरवा असं सांगणारं पाकीट उघडलं की माणसाच्या मनात काय घर करून बसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर त्यानं त्या पत्त्यावरून आलेलं काहीही उघडलं नाही. दंडाचा विषय येण्याआधी तुम्ही बोर्डापुढे हे मांडा आणि ते पत्र लेखी मागे घ्यायला लावा. दोन ओळी पुरतील: ते पत्र चुकीचं होतं, ते रद्द केलं आहे, आम्ही दिलगीर आहोत. मित्रासाठी करायची ही खरी मदत आहे आणि ती उघडपणे करता येते. उद्या हिच माफी दारावर मेझुझा लावणाऱ्या ज्यू घराला किंवा क्रूस लावणाऱ्या घरालाही उपयोगी पडेल.

दुसरं कारण कुंपण स्वतःच. तुम्ही लिहिलंय, ‘त्याच्या आणि शेजारच्या घरामधलं’. मग नोटीस एकालाच का गेली? दोन प्लॉटच्या हद्दीवरचं कुंपण असेल तर ते नीट ठेवायची जबाबदारी सहसा दोघांची असते. तुमच्या डीडच्या (खरेदीखताच्या) अटींमध्ये, म्हणजे ज्याला सगळे सीसी अँड आर म्हणतात त्यात, हे कसं लिहिलंय ते काढून वाचा. शेजारचं घर भाड्यानं दिलेलं आहे का? मालक दुसऱ्या राज्यात आहे का? माझ्या अनुभवात अशी कुंपणं महिनोन् महिने दोरीनं बांधलेली राहतात ती नेमकी यासाठीच: एक जण निम्मे पैसे द्यायला तयार असतो आणि दुसरा फोन उचलत नाही. पूर्ण बाजू नवीन करायची तर खर्च काही हजार डॉलरांत जातो. तुमचा मित्र तो एकट्यानं सोसायला तयार नसेल तर त्यात त्याचा आळस काहीच नाही. नोटीस दोन्ही मालकांना जायला हवी, हे बोर्डाला सांगा. त्याच वेळी मित्रालाही सांगा, शेजारच्या मालकाला निम्म्या खर्चाचं पत्र आणि दोन सुतारांची कोटेशन पाठव आणि त्याची प्रत हिअरिंगला घेऊन ये.

त्याच्या घरी जाल तेव्हा कुंपणापाशी पाच मिनिटं उभे राहा. खांब जमिनीत कुजलाय की नुसत्या फळ्या सुटल्यात, ते हातानं हलवून बघा. खांब शाबूत असेल तर एका शनिवारचं काम आहे, तुम्ही दोघं मिळूनही कराल. खांबच गेला असेल तर सिमेंट आलं, सुतार आला, आणि वादळानंतर सुतारांकडे किती रांग असते ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हीला एकच मुदत देणं बरोबर नाही. आणि सुटलेल्या फळीतून खिळे बाहेर आलेत का तेही बघा. बाजूनं मुलं सायकली घेऊन जात असतील तर ते खिळे आजच्या आज ठोका, बाकीचं नंतर.

आता बोर्डाकडे वळू. चौघांना दंड लावायचाय म्हणता. त्यांच्याशी भांडू नका. मीटिंगच्या आधी काही गोष्टी लेखी विचारा, आणि त्या या घरासाठी म्हणून विचारू नका, सगळ्या घरांसाठी विचारा.

दंड लावण्याचा अधिकार तुमच्या मूळ कागदपत्रांत आहे का, हे सगळ्यात आधी. तो असेल तर टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून एचओएकडे दंडाचं लेखी धोरण असावंच लागतं: कोणत्या प्रकारच्या उल्लंघनाला किती दंड, त्याचं वेळापत्रक आणि हिअरिंगची माहिती. ते वेबसाइटवर ठेवावं लागतं, किंवा वर्षातून एकदा प्रत्येक घरमालकाला पाठवावं लागतं. ‘आधी १०० आणि मग दर आठवड्याला ५०’ हा आकडा त्या वेळापत्रकात आहे की कोणाच्या तरी डोक्यातून आलाय? धोरणच नसेल तर या घराचा विषय तिथेच थांबवा. आधी धोरण करा, सगळ्यांना पाठवा, मग पुढे जा.

मग नोटीस वाचा, शब्द न् शब्द. उल्लंघन काय ते लिहिलंय का, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त केलं तर दंड लागणार नाही असं म्हटलंय का, हिअरिंगचा हक्क सांगितलाय का. दुरुस्त करता येण्यासारख्या आणि कोणाच्या जिवाला धोका नसलेल्या गोष्टीसाठी पुरेसा वेळ द्यावाच लागतो. कुंपणासारखी देखभाल, पार्किंग, सतत भुंकणारा कुत्रा या गोष्टी कायद्यानं दुरुस्त होण्याजोग्या धरल्या आहेत. फटाके उडवणं ही होऊन गेलेली गोष्ट, तिथे सुधारायला काही उरत नाही. सहा महिन्यांच्या आत तशाच प्रकारासाठी आधी नोटीस आणि संधी दिलेली असेल तर पुन्हा वेळ देण्याचं बंधन राहत नाही.

आणि दंडावरचं मतदान ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ओके’ टाकून उरकू देऊ नका. टेक्सासमध्ये दंडाचा विषय आधी सूचना दिलेल्या मीटिंगमध्येच घ्यावा लागतो. एका घराची खासगी चर्चा बोर्ड बंद दाराआड करू शकतं, पण निर्णय नंतर उघड मीटिंगमध्ये मोघम शब्दांत सांगून इतिवृत्तात यायला हवा.

एक काम तुम्ही एकटे करू शकता. रविवारी सकाळी चालत सगळ्या सबडिव्हिजनला एक चक्कर मारा आणि कललेली कुंपणं मोजा. त्याच वादळात नऊ कुंपणं कलली असतील आणि पत्र फक्त दोघांना गेलं असेल, तर तुमच्या बोर्डापुढे मोठा प्रश्न आहे. एचओएचा निर्णय कोर्टात वाजवी मानूनच चालतात, पण तो मनमानी किंवा भेदभावाचा होता असं दाखवता आलं तर ते संरक्षण जातं. नऊच्या नऊ घरांना सारखी नोटीस, सारखी मुदत. मित्राचं घर त्या नवांमधलं एक होईल आणि बघा, तोही मग हे वेगळ्या कानांनी ऐकेल.

मॅनेजमेंट कंपनीचा करारही मागून घ्या. प्रत्येक पत्राचे, प्रत्येक सर्टिफाइड नोटिशीचे पैसे ती कोणाकडून घेते? अनेक ठिकाणी ते घरमालकाच्या खात्यावर चढवले जातात, म्हणजे दंड लागायच्या आधीच बिल सुरू झालेलं असतं. जी कंपनी पत्रामागे पैसे कमावते तिला प्रकरण मिटण्याची घाई नसते. आणि वार्षिक बजेटमध्ये ‘दंडातून उत्पन्न’ अशी ओळ दिसली तर ती काढायला लावा. दंड कुंपण उभं करण्यासाठी असतो. स्विमिंग पुलाचं रंगकाम त्यातून निघावं असं बोर्डाला वाटू लागलं की पत्रांची संख्या वाढते.

मतदानाबद्दल. तुम्ही या घरावर मत देऊ नका. हा विषय आला की सांगा, “हे माझे जवळचे मित्र आहेत, मी या मतदानात नाही,” आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. मग खोलीबाहेर जा. गप्प बसणं आणि जाहीरपणे बाजूला होणं यांत फरक आहे. गप्प बसलात तर चौघांना वाटेल तुम्ही आतून किल्ली फिरवताय, आणि मित्राला वाटेल तुम्ही घाबरलात. उरलेल्या चौघांवर निर्णय होतो की नाही, कोरम किती, ते बायलॉजमध्ये (उपविधींत) बघून ठेवा. बाकी सगळं, म्हणजे धोरण, दोन्ही घरांना नोटीस, तोरणाचं पत्र, यांवर मात्र मोकळेपणानं बोला. ते सगळ्या २४० घरांचं काम आहे.

राजीनामा देऊ नका. तुमच्या बायकोची काळजी खरी आहे, तिला माझा नमस्कार सांगा. पण तुम्ही निघालात तर हे प्रश्न विचारणारं कोणी उरणार नाही, आणि दंड पुढच्याच मीटिंगला लागेल.

आता अवघड भाग. समजा तोरणाची माफी गेली, दोन्ही मालकांना नोटीस गेली, हिअरिंग झालं, मुदत वाढवून दिली, आणि तरीही कुंपण दोरीवरच राहिलं. मग दंड लागलाच पाहिजे, आणि तुम्ही त्यावर रडारड करायची नाही. उरलेली घरं आपापली कुंपणं नीट करताहेत, त्यांच्याही खिशाला ती तोशीस पडते. बोर्डाला मी सुचवेन की दंड ठरवतानाच लिहावं, अमुक तारखेपर्यंत काम पूर्ण करून फोटो पाठवला तर तो माफ. मी जिथे हे पाहिलंय तिथे बहुतेक कामं त्या तारखेच्या आतच झाली.

मित्राला मात्र एक गोष्ट बजावून सांगा, आणि ती आजच्या फोनवरच सांगा: रागाच्या भरात वार्षिक ड्यूज (एचओएची वर्गणी) थांबवायचे नाहीत. २००१ मध्ये ह्यूस्टनमध्ये ८० ओलांडलेल्या एका विधवा बाईंचं घर सुमारे ८०० डॉलरच्या थकलेल्या ड्यूजपायी लिलावात अगदी कवडीमोलानं गेलं होतं. त्यावरून फार गदारोळ झाला. त्याच वर्षी टेक्सासनं घरमालकांना संरक्षण देणारा कायदा केला, तो २००२ च्या जानेवारीपासून लागू झाला. आज तिथे नुसत्या दंडापायी आणि त्या दंडाच्या वकिली खर्चापायी कोणाचं घर लिलावात काढता येत नाही. थकलेल्या ड्यूजपायी मात्र अजूनही काढता येतं. तो दंडावर भांडत असेल तर भांडू दे, ड्यूज वेळेवर भरू दे. आणि एकदम भरणं जड जात असेल तर १४ पेक्षा जास्त घरांच्या एचओएला हप्त्यांची सोय ठेवावी लागते, किमान तीन महिन्यांची. त्याला ती मागता येईल. मागायला लाज वाटत असेल तर वहिनींना सांगा. आपल्याकडे अशा गोष्टी बऱ्याचदा बायकाच मार्गी लावतात.

टेक्सासबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. हे नियम राज्याराज्यात बदलतात, माझं वाचून तुमच्या बोर्डाशी भांडायला जाऊ नका. फ्लोरिडात दंडाला मंजुरी देणारी किमान तीन जणांची वेगळी समिती लागते, तिच्यात बोर्डाचे लोक किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. कॅलिफोर्नियात २०२५ च्या उन्हाळ्यापासून आरोग्य किंवा सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर एका उल्लंघनाला १०० डॉलरच्या वर दंड लावता येत नाही. टेक्सासमध्ये अशी वरची मर्यादा कायद्यानं घातलेली नाही, म्हणून तिथे लेखी धोरणाला जास्त महत्त्व. टेक्सासच्याच वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: सप्टेंबर २०२५ पासून पाण्यावर निर्बंध असताना लॉन पिवळं पडलं म्हणून दंड लावता येत नाही, निर्बंध उठल्यावरही ६० दिवस नाही. आणि ज्यांना वाटतं की हा सगळा अमेरिकेचाच ताप आहे, त्यांनी गावाकडच्या आपल्या फ्लॅटचे उपविधी काढून बघावेत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, आणि सभासदाला आधी कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. चेअरमननं लिफ्टमध्ये कागद चिकटवला म्हणून दंड लागत नाही.

परत तुमच्याकडे येते. मराठी मंडळात हा विषय काढू नका. कोणी विचारलं तर “त्याच्या घरचं आहे, त्यालाच विचारा” म्हणा. मुलींच्या कानावर जाऊ देऊ नका. शनिवारी शाळेच्या पार्किंगमध्ये तो तोंड फिरवेल असं तुम्हाला वाटतंय ना? कदाचित फिरवेल. तुम्ही जाऊन बोला, आणि कुंपणाबद्दल सोडून बोला.

फोन करताना नोटिशीची तारीख समोर ठेवा आणि ३० व्या दिवसाची तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. संध्याकाळी त्याच्याकडे जाल तेव्हा बरोबर मोजपट्टी आणि हातोडी न्या. पाकीट त्यालाच उघडू द्या.